हिल्डीचे तीन परिच्छेद

शेवटी लाइलचं काम तपासायला ओडेटला नेमलं गेलं. पण असं काही घडलेलंच नाही असं धरून आपण पुढे जाऊ. लाइलही तसंच धरून चाललाय.

बर्फावरून दगड सरकवणाऱ्या कर्लिंग क्लबांचं वेळापत्रक लावायचं सॉफ्टवेअर हे तिघं मिळून बनवायचे. प्रमुख हिल्डी व्हिक्टोरियात, ओडेट हॅलिफॅक्सला, लाइल ड्यूलुथमध्ये. मीटिंग नाही, फोन नाही. ज्यानं त्यानं आपापल्या वेळेला काम करून लिहून ठेवायचं, दुसऱ्यानं उठल्यावर वाचायचं. चार वर्षांत लाइलनं हिल्डीचा आवाज ऐकला नव्हता, पण तिचा स्वल्पविराम त्यानं शंभरात ओळखला असता.

आणि हीच हिल्डी त्याच्या कामाखाली पसंतीच्या चिन्हाचा नुसता अंगठा ठेवायची. ओडेटच्या कामाखाली मात्र तीन-तीन परिच्छेद!

"अंगठा म्हणजे चांगलंच की रे," बायको मार्नी सूप ढवळत म्हणाली.

"अंगठा ती हवामानाच्या अंदाजालाही देते."

"आणि त्या ओडेटला काय लिहिते एवढं?"

"'हे असं का केलंस? हे तपासलंस का? इथे घोळ होणार.'"

"अरे, म्हणजे झापते तिला!"

"तीन परिच्छेद झापते, मार्नी. इतकं मला माझ्या आईनंही कधी झापलं नाही."

लाइलनं ठरवलं, आपणही चुकायचं. पहिली चूक त्यानं जीव ओतून केली: एका क्लबचे चाळीसच्या चाळीस संघ मंगळवारी सहाला बर्फाच्या एकाच पट्टीवर उतरवले. संध्याकाळी काम पाठवून तो समाधानानं झोपला.

दुसऱ्या दिवशी खाली अंगठा. चूक गायब. हॅलिफॅक्सला व्हिक्टोरियाच्या चार तास आधी उजाडतं; हिल्डी डोळे चोळेपर्यंत ओडेटनं सगळं निस्तरलं होतं. वर चिठ्ठी: "अरे लाइल, एवढंसंच होतं, केलं नीट. हिल्डीच्या डोक्याला कशाला ताप?"

मग त्यानं निकालाच्या तक्त्यात जिंकलेल्या संघाला हरवलं. ओडेटनं जिंकवलं. तिसऱ्या दिवशी त्यानं अख्खा फेब्रुवारी काढून टाकला. ओडेटनं तो जागेवर आणून बसवला, आणि या वेळी हिल्डीला कळवलं. हिल्डीनं ओडेटला पाच परिच्छेद लिहिले, शेवटचा तर चक्क कौतुकाचा! त्याच्याखाली एक ओळ होती: "यापुढे लाइलचं काम आधी ओडेट बघेल. लाइल, बरा आहेस ना?"

'बरा आहेस ना' त्यानं अकरा वेळा वाचलं. मग ओडेटच्या परिच्छेदांतले शब्द मोजले, आणि रीतसर प्रस्ताव लिहायला बसला:

'विषय: हॅलिफॅक्स येथील सूर्योदय. सदर शहरात चार तास आधी उजाडत असल्याने अर्जदाराच्या चुका प्रमुखांपर्यंत पोहोचत नाहीत. तरी येत्या सोमवारपासून तेथील सूर्योदय साडेचार तास पुढे ढकलण्यात यावा, ही नम्र विनंती. हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत लेखी कळवावे.'