भट्टीवरचं पीठ

"सकाळी आत नेलात तेव्हा डबा अर्धा होता, साहेब," बसवंत म्हणाला. "आता काठोकाठ आलाय बघा. आतनं काय भरलंत?"

पद्मनाभ घैसासांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग मागे वाढत चाललेल्या रांगेकडे. बंगळूरच्या पीण्या भागातल्या गिअरच्या कारखान्याची पाळी नुकतीच सुटली होती आणि प्रत्येकाला बस गाठायची होती. बसवंत फाटकावरचा रखवालदार. तो बेळगावकडचा, त्यामुळे घैसासांशी मराठीत बोलायचा, आणि इथे मराठीत बोलायला फारसं कुणी मिळत नसल्यामुळे जरा जास्तच बोलायचा. बाहेर जाणारी प्रत्येक पिशवी उघडून बघणं ही त्याची नोकरी होती आणि हौसही.

"काही भरलेलं नाही. पीठ आहे, फुगलंय," घैसास म्हणाले.

"पीठ फुगतंय हे मान्य की. पण एवढं? आमच्या घरात इडलीचं पीठ रात्रभर ठेवलं तरी एवढं वर येत नाही."

"भट्टीशेजारी ठेवलं होतं."

हे ऐकल्यावर रांगेतले दोघे-तिघे मान लांब करून पुढे सरकले. घैसास हीट ट्रीटमेंटचे सुपरवायझर. गिअर किती तापवायचे, कशात बुडवायचे आणि बुडवल्यावर पुन्हा किती तापवायचे, यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी भट्टीशेजारी काही ठेवलंय म्हणजे ते लोखंडच असणार, अशी सगळ्यांची समजूत होती. बसवंतने झाकण उघडलं, आत नाक घातलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"आंबलंय," त्याने निर्वाळा दिला. "नारळ पण आहे. काय करणार ह्याचं?"

"खापरोळ्या. म्हणजे जाड, जाळीदार घावनं म्हण. नारळाच्या गोड रसात बुडवून खायची."

"वहिनी करणार?"

"मी करणार," घैसास म्हणाले आणि झाकण लावायला लागले.

बसवंतच्या ओठांवर काहीतरी थट्टेचं आलं होतं, ते त्याने गिळलं. वहिनींचं काय झालंय हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, त्याला ते आत्ता आठवलं. त्याने पिशवी स्वतःच्या हाताने त्यांच्या खांद्याला लावून दिली आणि फाटक उघडलं.

सुलभाला अर्धांगाचा झटका आला तो गौरी-गणपतीच्या आधी. पाय सुधारला, ती धरून धरून चालायला लागली. उजवा हात अजून रुसलेलाच होता. वाचा मात्र गेली, आणि जाताना एकच शब्द मागे ठेवून गेली. तो शब्द म्हणजे 'सरी'. कानडीत सरी म्हणजे बरं, ठीक. मल्लेश्वरमच्या बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस संपली की सुलभा हा शब्द वापरायची. लग्न होऊन ती गुहागरहून बंगळूरला आली तेव्हा पहिल्यांदा शिकलेला कानडी शब्द बहुतेक हाच असावा. पण तो बाहेरच्यांसाठी. घरात तिने कशालाही ठीक म्हटल्याचं घैसासांना आठवत नव्हतं. चहा केला तर तो उकळला नाही, इस्त्री केली तर कॉलर राहिली, टॉवेल वाळत घातला तर तो कुणी असा घालतं का. मुलगा शार्दूल अमेरिकेहून फोन करी तेव्हासुद्धा, बाबा फोनवर ओरडून बोलतात, ही तक्रार ती आधी सांगे आणि मग खुशाली विचारी. या सगळ्याचा घैसासांना वैताग यायचा. तो वैताग इतका जुना होता की त्याच्यावाचून आपल्याला चैन पडणार नाही, हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

आता पंखा लावला तरी सरी, बंद केला तरी सरी. भेटायला येणारी मंडळी निघताना हळूच म्हणत, "किती शांत झाल्यात हो सुलभाताई." जणू काही तब्येतीत सुधारणाच झाली होती. घैसासांना अशा वेळी त्या माणसाला जिन्यावरून ढकलून द्यावंसं वाटे.

"शांत कसली," वरच्या मजल्यावरच्या श्यामलाअक्का म्हणायच्या. "आत कोंडून बसलीय ती." श्यामलाअक्का मंगळूरकडच्या कोंकणी. दिवसभर घैसास कामावर असताना त्याच सुलभापाशी बसायच्या.

डॉक्टरांचं म्हणणं होतं, बोलतील, पण त्यांना बोलावंसं वाटलं पाहिजे. यावर घैसासांनी सुपरवायझरच्या डोक्याने विचार केला. सुलभाला बोलावंसं कधी वाटतं? काही चुकलं की. म्हणजे काहीतरी चुकलं पाहिजे. मग त्यांनी चुका करायचा सपाटा लावला. चहात मीठ घातलं. ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला. तिची मालिका लागायच्या वेळी टीव्हीवर कुस्ती लावली आणि मोठ्याने टाळ्या वाजवल्या. सुलभाने शांतपणे त्यांच्याकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "सरी." खारट चहाही तिने संपवला. ते बघताना घैसासांना स्वतःचीच एवढी लाज वाटली की पातेल्यात उरलेला त्यांनी पिऊन टाकला.

तेव्हा त्यांना खापरोळ्या आठवल्या. खापरोळ्या ही सुलभाची जहागीर होती. घैसासांच्या आईकडून ती शिकली, पुढे श्यामलाअक्कांची सुरनोळी, म्हणजे कोंकण्यांचं जाळीदार घावन, बघून पिठातच ओला नारळ वाटून घालायला लागली, आणि मग जे काही झालं ते ना सासरचं राहिलं ना शेजारचं. त्या करताना ती स्वयंपाकघरात कुणाला पाऊल टाकू देत नसे. घैसासांनी आयुष्यभर त्या खाल्ल्या होत्या, होताना मात्र कधी पाहिल्या नव्हत्या. आपल्या जहागिरीत कुणी शिरलेलं ती गप्प बसून बघणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. आणि इथे मुद्दाम चूक करायची नाही, नीटच करायच्या, असं त्यांनी ठरवलं. मग सगळ्या चुका इथेच झाल्या.

तांदूळ, उडीद डाळ, पोहे, मेथी, नारळ यांचं प्रमाण त्यांनी श्यामलाअक्कांना विचारलं. भाजायचं कसं ते विचारलं नाही. इतकी वर्षं भट्टीसमोर काढलेल्या माणसाला आता तापवण्याचं कोण शिकवणार? पहिल्या खेपेला डिसेंबरच्या थंडीत पीठ फुगलंच नाही. खापरोळ्या अशा झाल्या की एक हातातून निसटली तेव्हा फरशीवर टणकन आवाज आला. सुलभाने तुकडा चावून चावून खाल्ला. "सरी." दुसऱ्या खेपेला रस गार राहू नये म्हणून घैसासांनी नारळाचं दूध खळखळून उकळलं. ते फुटलं, वर पाणी आणि खाली चोथा. सुलभाने चमच्याने दोन्ही सारखंच खाल्लं. "सरी."

त्या दिवशी घैसास मोरीत जाऊन, नळ सोडून रडले. रडून झाल्यावर त्यांच्या डोक्यात भट्टी आली.

बसमध्ये खिडकी मिळाली खरी, पण डबा मांडीवर घेतल्यावर घैसासांच्या लक्षात आलं की पिठाला अजून कुणी थांबायला सांगितलेलं नाही. भट्टीची ऊब त्याच्या पोटात होतीच, त्यात बसचे हिसके. त्यांनी झाकणावर रुमाल बांधला. यशवंतपूर येईपर्यंत रुमाल ताणला गेला. त्यांनी झाकणावर दोन्ही हात ठेवून भार दिला. शेजारी पांढऱ्याशुभ्र शर्टातले एक गृहस्थ वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी एकदा डब्याकडे, एकदा घैसासांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वर्तमानपत्राची घडी घालून ते जरा सरकून बसले.

पुढच्या गतिरोधकावर झाकण उडालं. पिठाचा एक गोळा शांतपणे काठावरून उतरला आणि वर्तमानपत्राच्या घडीवर जाऊन बसला.

"स्वल्प आ कडे इडी, सार," थोडं तिकडे धरा, एवढंच ते गृहस्थ म्हणाले. घैसासांनी तीनदा माफी मागितली. गृहस्थांनी पीठ बोटाने पुसलं, हुंगलं आणि विचारलं, "नारळ?" घैसासांनी मान हलवली. त्यावर गृहस्थांनी वर्तमानपत्राचं कोरडं पान फाडून डब्यावर झाकायला दिलं आणि स्वतःही एका हाताने ते दाबून धरलं. मल्लेश्वरमपर्यंत दोघेही असेच एका डब्यावर हात ठेवून, समोर बघत बसले होते.

घरी श्यामलाअक्का वाटच बघत होत्या. डब्यात डोकावून त्या म्हणाल्या, "अण्णा, पीठ छान आलंय. मी थांबू का?"

"नको अक्का, तुम्ही दमला असाल. आता तर फक्त भाजायचंच आहे."

श्यामलाअक्कांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसऱ्या कुणाला काहीतरी समजलं असतं. मग त्या वर गेल्या.

घैसासांनी नारळाचं दूध काढलं, गूळ विरघळवला, वेलची घातली, आणि ते पातेलं गॅसपासून जितकं लांब ठेवता येईल तितकं ठेवलं. एवढं शिकले होते. बिडाची जाड कढई तापत ठेवली आणि दिवे गेले.

दिवे जाणं काही नवं नव्हतं. पण बाहेरच्या खोलीत सुलभा एकटी अंधारात होती, आणि अंधाराला ती हल्ली बिचकायची. इतके दिवस घैसासांनी तिला स्वयंपाकघरात येऊ दिलं नव्हतं. तिथल्या ओट्याची त्यांनी केलेली दशा बघून तिला काय वाटेल, या विचाराने त्यांचाच जीव घाबरा व्हायचा. आता इलाज नव्हता. त्यांनी तिला धरून आत आणलं, वेताची खुर्ची ओट्याशेजारी ठेवली, तिच्यावर तिला बसवलं आणि मेणबत्ती फळीवर लावली.

"जरा पसारा आहे," ते म्हणाले.

सुलभाने पसारा पाहिला. ओट्यावर सांडलेलं पीठ पाहिलं, चटणीच्या डब्यात ठेवलेला गूळ पाहिला, देवाच्या पंच्याचं केलेलं फडकं पाहिलं. या वेळी ती 'सरी'सुद्धा म्हणाली नाही. घैसासांनी घाईघाईने कढईकडे तोंड केलं.

तेल लावलं, डावभर पीठ मधोमध ओतलं, झाकण घातलं. थोड्या वेळाने झाकण काढलं आणि ते वाकून बघतच राहिले. पीठ टम्म फुगलं होतं आणि वर सगळीकडे भोकं पडली होती, दाट, बारीक, सुलभाच्या खापरोळीला पडायची तशीच. आनंदाने त्यांचे डोळे भरून आले. गिअरची सबंध खेप एकही तडा न जाता भट्टीबाहेर आली तरी त्यांना इतकं कधी झालं नव्हतं.

"बघ," ते म्हणाले. "बघितलंस का?"

मग त्यांनी उलथनं उचललं. धातू असो की पीठ, उष्णता दोन्ही बाजूंना सारखी लागली पाहिजे, हे त्यांच्या हाडीमासी भिनलेलं होतं. आधीच्या दोन्ही खेपांना त्यांनी प्रत्येक खापरोळी मनापासून उलटली होती आणि उलथन्याने दाबलीही होती. आताही त्यांनी उलथनं कडेने आत सारलं.

मागे खुर्ची करकरली.

"अं," सुलभा म्हणाली.

"पाणी हवंय? देतो हं, एवढी उलटली की."

"अं. न... न..." तिचा डावा हात ओट्यावर आला, चाचपडत पुढे सरकला, वाटेतला पेला खाली पाडून त्यांच्या मनगटापर्यंत पोचला आणि त्याने मनगट पकडलं. तिचं तोंड वाकडं झालं होतं. कपाळावर घाम आला होता. शब्द कुठूनतरी लांबून ओढून आणावा लागत होता आणि ती तो सोडायला तयार नव्हती.

"उल... उलटू नका," सुलभा म्हणाली.

घैसास तसेच उभे राहिले. उलथनं अर्धं आत, मनगट तिच्या हातात. आपण हललो तर आत्ता जे ऐकलं ते ऐकलंच नव्हतं असं होईल, अशी भीती त्यांना वाटली. पेला फरशीवर गोल फिरून कोपऱ्यात थांबला. कढईतून धुराची बारीक रेघ वर आली तरी ते हलले नाहीत.

सुलभाने नाक मुरडलं. कपाळाला आठी पडली. ती आठी घैसासांनी गणपतीच्या आधीपासून पाहिली नव्हती.

"करपलं," ती म्हणाली. थांबली, दम घेतला. "गॅस... बारीक. कळत नाही?"

"सरी," घैसास म्हणाले. त्यांनी गॅस बारीक केला.

करपलेली खापरोळी त्यांनी स्वतःच्या ताटलीत काढली. कढई पुसली, तेल लावलं, दुसरी घातली, झाकण ठेवलं. पुढे काय करायचं ते त्यांना माहीत होतं, म्हणजे काहीच करायचं नव्हतं. हातातल्या उलथन्याचं काय करावं हे मात्र सुचेना. शेवटी त्यांनी ते सुलभापुढे धरलं. तिने ते डाव्या हातात घेतलं, मांडीवर आडवं ठेवलं आणि कढईकडे बघत बसली. ते तिने परत दिलं नाही.