गंजाचा आळ

मी बोलतोय, खिशात मावणारा चाकू. नुसतं चाकू म्हटलं की मला जरा लागतं. माझ्या पोटात दोन पाती, कात्री, पेचकस, डबा उघडायची चोच आणि कशासाठी आहे हे आजवर कुणालाच न कळलेला एक हूक, एवढा संसार आहे.

माझे पहिले मालक वायरमन. वायर सोलायची, स्क्रू आवळायचा, जेवणानंतर सफरचंद कापायचं, सगळ्याला मीच. अंगठ्याचं नख खाचेत घातलं की माझं पातं 'टक' करून उभं राहायचं. मुलगी शिकायला परगावी निघाली तेव्हा त्यांनी मला तिच्या हातात ठेवलं. म्हणाले, हा असला की अडत नाही.

पुढे तिचं लग्न झालं, बाळ झालं आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. बाळ तेव्हा मानसुद्धा धरत नव्हतं. पण ते स्टुलावर चढून, फडक्याच्या गाठी सोडून मला उघडणार, अशी तिची खात्री. ही बाई दूध कोमट आहे का हे आधी स्वतःच्या मनगटावर बघते, मग नवऱ्याच्या, आणि तोवर ते गार झालं म्हणून परत तापवते. तिच्यापुढे माझं काय चालणार? माळ्यावर ओल होती. मी गंजलो, पाती एकमेकांना चिकटली.

मग तिच्या बाबांचा फोन आला. तिची लहानपणची कठड्याची खाट सुटी करून ते बाळासाठी आणणार होते. ठेवता ठेवता विचारलं, चाकू आहे ना नीट?

"हो बाबा, रोज वापरते."

फोन ठेवून तिने कपाळाला हात लावला. बाबांनी दिलेली एवढीशी वस्तू धड सांभाळता आली नाही, हे आता त्यांना दिसणार. आणि जिला चाकू सांभाळता येत नाही ती बाळ काय सांभाळणार, असं तेच म्हणतील, ही भीती.

मला खाली काढलं, नाकाशी धरलं आणि थेट बाळाच्या बाटल्या उकळायच्या पातेल्यात टाकलं. रबरी बोंडल्यांच्या घोळक्यात मी खदखदत होतो. नवऱ्याने डोकावून विचारलं, "चाकू पण दूध पिणार आहे का?" ती म्हणाली, "तू गप्प बस, आणि बाटल्यांसाठी दुसरं पाणी ठेव."

उकळून निदान जुना मळ सुटला. मग साबणाच्या कोमट पाण्यात तिने मला शंभरदा उघडलं, मिटलं. दातकोरणीने कोपरे कोरले, गंजावर बारीक पॉलिश पेपर फिरवला, पुसून वाळवलं. तेल मात्र घरात एकच, बाळाच्या मालिशचं. ते चिकटायला लागलं तेव्हा नवरा शेजारच्या टेलरकडून मशीनचं तेल मागून घेऊन आला. बाबा येणार त्या सकाळी माझं मोठं पातं तिच्या बारीक कापलेल्या नखानेही अलगद उघडत होतं.

बाबा आले. फळ्यांच्या गठ्ठ्याला सुतळी बांधलेली होती. त्यांनी मला घेतलं, वास घेतला, हसले. "याला न्हाऊमाखू घातलंस की काय, चिमणे?" मग खाचेत नख घातलं. पातं हललं नाही. पुन्हा घातलं. अंगठा थरथरला आणि घसरला.

मी अडलो नव्हतो हो. त्या अंगठ्यातच पूर्वीचा जोर नव्हता. ते त्याच्याकडे बघत राहिले. तिनेही बघितलं.

"गंज राहिलाय, बाबा," ती म्हणाली. "रोज कुठली वापरतेय मी, माळ्यावर पडला होता. द्या इकडे."

आणि बोट लावताच उघडणाऱ्या मला तिने दातओठ खाऊन, मध्येच दोनदा हात झटकून उघडलं. इतकं वाईट नाटक मी जन्मात पाहिलं नाही. बाबांनी सांभाळायचं कसं यावर तिला चार शब्द सुनावले आणि खुशीत सुतळी ताणून धरली.

खाट उभी राहिली. मी आता स्वयंपाकघरातल्या वरच्या खणात असतो, चकचकीत. बाबा आले की विचारतात, गेला का गं गंज? ती म्हणते, अजून थोडा आहे. माझ्यासारख्या पोलादाला हा आळ झोंबतो. पण तुम्ही कधी या घरी आलात आणि मी तुमच्या हाती लागलो, तर एवढं करा: बाबांसमोर मला जरा कष्टाने उघडा.