गहिनीनाथच्या जबड्याचे तीन फोटो

दिंद्रुडच्या गहिनीनाथचा उजवा जबडा वाजायचा. घास चावला की टचक, जांभई दिली की टचक. आणि आवाज असा, की शेजारच्या रानातला माणूस मान वळवून बघायचा. चौसाळ्याच्या थांब्यावर त्यानं एकदा भजं तोंडात टाकलं आणि उभी एसटी वेळेआधी सुटली, असं सांगतात. जबड्याचं लोकांना पटतं. एसटी वेळेआधी सुटली, हे कुणालाच पटत नाही.

एवढ्यावर हसून विषय संपला असता. पण गहिनीनाथ बैलगाडी घेऊन ऊसतोडीला जाणारा माणूस, आणि बैलांना निघायला सांगायचं ते जीभ टाळूला लावून नेमका असाच आवाज काढून. गेल्या हंगामात त्याची बायको छबुबाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीवर चढत होती. हा बैलांपुढे उभा राहून भाकरीचा तुकडा चावत होता. टचक झालं. बैल निघाले, फळी निसटली आणि छबुबाई मोळीसकट पाचटात. दुखऱ्या मनगटाला फडकं बांधून तिनं राहिलेला ऊस डाव्या हातानं तोडला.

"मुद्दाम हाकलले तुमी," ती म्हणाली. "सकाळपासून लवकर भर, लवकर भर, तेच लावलं व्हतं."

"जबडा वाजला गं."

"जबडा वाजला का जीभ, मला काय आतलं दिसतंय?"

यंदा मुकादम बजरंग जोड्या पक्क्या करायला आला, तेव्हा छबुबाईनं चुलीपुढूनच सांगितलं, "आतलं काय हाय ते दिसल्याबिगर मी यांच्या गाडीवर चढणार न्हाई." नवराबायको मिळून एक कोयता धरतात. अर्ध्या कोयत्याला कुणी नेत नाही. गहिनीनाथ केजला, दातांच्या डॉक्टर रोहिणीताईंकडे निघाला. छबुबाई साक्षीला सोबत.

ताईंनी कानापुढं बोटं ठेवून त्याला तोंड उघडायला लावलं, दाबलं तिथं दुखलंही. मग ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, काढला. हनुवटी टेकवून उभं केलं आणि यंत्र त्याच्या डोक्याभोवती रसवंतीच्या बैलासारखं फिरलं.

"सगळा जबडा एका पट्टीत आलाय," ताई म्हणाल्या. "मोडलेलं काही नाही, दाढाही बऱ्या आहेत. उजव्या सांध्याचा गोळा जरा चपटा वाटतो, पण या फोटोत सांधा तिरका येतो. खात्री नाही देता येत."

"म्हंजे काय न्हाई," छबुबाई म्हणाली.

मग ताईंच्या सांगण्यावरून बीडला सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा सीटी स्कॅन, झाला. त्यात हाड चारी बाजूंनी दिसलं, मुळ्याच्या चकत्या कराव्यात तसं पातळ पातळ कापून. गोळा चांगला गोल निघाला.

"दोन फोटू झाले," परत केजला ताईंपुढं बसून छबुबाई म्हणाली. "दोन्ही माझ्याच बाजूनं बोलले."

गहिनीनाथचं तोंड एवढंसं झालं. "ताई, म्या खोटा न्हाई ओ."

"खोटं कोण म्हणतंय, काका? ओपीजी म्हणजे रस्त्यावरून गाडी बघितली. सीबीसीटी म्हणजे भोवती फिरून, खाली वाकून बघितली. पण दोन्हींत हाडच दिसतं. सांध्याच्या दोन हाडांमध्ये एक मऊ गादी असते. ती यात येत नाही. तिला एमआरआय लागतो."

"मग आधीच कावून न्हाई केला?" छबुबाईनं विचारलं.

"हाड झिजलं असतं तर उपाय वेगळा केला असता. तो संशय आधी फेडला."

लातूरला त्याच्या हातातलं कडं, गळ्यातला ताईत, सगळं काढून घेतलं. एकदा तोंड मिटून आणि एकदा दातांत ठोकळा धरून, तोंड उघडं ठेवून, असं त्याला यंत्रात सरकवलं. हलायचं नाही. यंत्र सारखं टक टक बडवत होतं. गहिनीनाथला वाटलं, बरं झालं बैल घरी हायत. न्हाईतर हे धूड लातूरहून दिंद्रुडला ओढून नेलं असतं.

केजला ताईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही काळी गादी. तोंड मिटलं की ती हाडाच्या पुढं घसरलेली. उघडताना हाड तिच्यावर चढतं. चढतं तेव्हा वाजतं."

छबुबाई पुढं वाकून बराच वेळ बघत राहिली. "म्हंजे जीभ न्हवती."

"नव्हती, मावशी."

ती नवऱ्याकडं वळली नाही, पण खाली पडलेली त्याची टोपी तिनं उचलली, धूळ झटकली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "वाजायचं बंद करा आता."

"दुखणं कमी करता येईल. रात्री दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी, मऊ खाणं, सुपारी बंद. आवाज मात्र जाईलच असं नाही. नुसत्या आवाजासाठी कापाकापी करत नाहीत."

परतीच्या जीपमध्ये छबुबाई फिल्मचं पाकीट मांडीवर घेऊन बसली होती. "म्या मानलं तुमचं," ती म्हणाली. "बैलांना कंचा फोटू दावायचा?"

त्याचं उत्तर तिनंच काढलं. रोज सकाळी बैल जुंपायचे, गहिनीनाथनं पुढं बसून जांभया द्यायच्या, आणि बैलांनी पाय उचलला की तिनं कासरा ओढायचा, मग 'चला रे' म्हणून स्वतःच फिरवून आणायचं. जांभया देऊन देऊन गहिनीनाथ इतका पेंगायला लागला, की समोरचे बैलही जांभया द्यायला शिकले, असं शेजारी सांगतात. पण दिवाळीपर्यंत बैल टचक झालं तरी कानसुद्धा हलवेनात.

हंगामाच्या पहिल्या दिवशी गाडी भरली. छबुबाई बिनधास्त फळीवरून चढली, शेवटची मोळी टाकली. खाली गहिनीनाथनं जीभ टाळूला लावून आवाज काढला. बैल रवंथ करत उभे. पुन्हा काढला. एकानं शेपूट हलवली.

"कावून उभे हायत बे?" मागच्या गाडीवरून बजरंग म्हणाला.

छबुबाईनं वर बसून पदर खोचला. "चला रे लेकरांनो," ती म्हणाली.

गाडी निघाली. गहिनीनाथ बाजूला सरला, मग मागून चालायला लागला.