ताजी आंबुशी

"आजी, नातीनं नेमकं काय खाल्लं ते घेऊन या. पान, फूल, सगळं. ओळख पटली तर पुढचं ठरवता येईल," डॉक्टर म्हणाले आणि जानकी धावत सुटली. मुलुंडच्या त्या दवाखान्यापासून सोसायटी दोन गल्ल्यांवर. एरवी जिना चढताना शंभर नखरे करणारे पासष्टीचे गुडघे आज मुकाट पळाले.

चार वर्षांच्या मीराला सकाळपासून उलट्या होत होत्या. काल संध्याकाळी सोसायटीच्या हिरवळीवर बसून जानकीनंच तिला शिकवलं होतं: एका देठाला बदामाच्या आकाराची तीन पानं, वर पिवळं इवलंसं फूल, चावलं की आंबट. पोरीनं मूठभर खाल्लं. सावंतवाडीकडे जानकीचं अख्खं बालपण ती पानं चघळण्यात गेलं होतं. मग आताच घात कसा झाला? की आपलीच नजर फसली? देवा, मला ने, पण पोरीला सोड, असं ती वाटभर पुटपुटत होती.

दहा मिनिटांत ती परतली. मुठीत कोवळी जुडी. "ही बघा, आंबुशी. आमच्याकडे पोरां येता-जाता खातत."

डॉक्टरांनी फोनवरच्या फोटोशी पान ताडून पाहिलं, फूल उलटसुलट केलं. "बरोबर. आंबुशीच. हिनं काही होत नाही. पोट बिघडलंय, घरी न्या."

सून श्वेता रडता रडता हसली. जानकीच्या जिवात जीव आला, आणि जिवात जीव आला की जीभ सैल सुटते. "कालच्या जाग्यावरची थयली सगळी करपलेली हो. तसला डॉक्टरांका काय दाखवूचा? म्हणान नळाकडची ताजी बघून खुडलंय." जन्मभर भाजी निवडलेला हात तो, खराब टाकायचं, चांगलं घ्यायचं, एवढंच त्याला ठाऊक.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "करपलेली? एका दिवसात?"

श्वेतानं सोसायटीच्या माळ्याला, काशीरामला, फोन लावला.

"हो ना ताई, काल दुपारी तण मारायचं औषध फवारलं. बोर्ड लावायचा राहिला."

डॉक्टर ताडकन उठले आणि अँब्युलन्ससाठी ओरडले. जानकी मीराला उचलायला पुढे झाली.

"आई, हात लावू नका तिला," श्वेता म्हणाली.