काशीची ओटी

मार्गशीर्षातली सकाळ होती. नाटे गावाच्या वरच्या कातळसड्यावर मांडवकरांची काशी हापूसच्या बुंध्याखालचा पाचोळा ओढत होती. बागेत बासष्ट कलमं. त्यांतली निम्म्याहून अधिक तिच्या हातची. कातळ फोडून, खालच्या मळ्यातली माती डोक्यावरून आणून तिने ती जगवली होती. नवरा गेल्यावर एकोणीस वर्षांपूर्वी ती माहेरी आली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या हातात कोयती आली. विधवा बहीण म्हणजे बिनपगारी गडी, हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही.

त्या दिवशी बागेत नितेश आला. मूळचा लोटे गावचा, आता मुंबईच्या एका कंपनीत नोकरीला. मध्यंतरी माणसं संगणकावरची चित्रं हजारो रुपये मोजून विकत घेत होती. ती हौस लवकरच फिटली. आता खऱ्या वस्तूंची पाळी होती. हापूसचं एकेक झाड ब्लॉकचेनवर चढवायचं, त्याची डिजिटल मालकी दहा वर्षांसाठी शहरातल्या हौशी माणसाला विकायची, आणि बागायतदाराने झाड सांभाळून त्याला आंबे पाठवायचे, असा कंपनीचा बेत.

"नोंद हजारो संगणकांवर एकदम उतरते, मावशी," नितेश उत्साहाने सांगत होता. "तलाठी नको, शिक्का नको. कुणाचा बाप आला तरी खाडाखोड नाही."

प्रत्येक झाडाचा त्याने फोटो काढला. झाडांची माहिती मात्र अनिलला, म्हणजे काशीच्या धाकट्या भावाला, सांगता येईना. ती काशीने सांगितली.

"ह्यो आगाप. सगळ्यांच्या आदी मोहरतो. ती कोपऱ्यातली म्हातारी, एक वरीस देते, एक वरीस रुसते. ह्याला भिरूड लागलेला, मी तारेनं किडो काढलंय, तवा ह्यो वाचलो."

नितेश टिपून घेत होता आणि अनिल मोबाईल बघत होता.

अडचण एकच होती. बाप वारल्यावर सातबाऱ्यावर दोघांचीही नावं लागली होती, अनिलचं आणि काशीचं. कंपनीला दोन नावं चालत होती. नितेशने तसं स्पष्ट सांगितलंही. वाडीला चालत नव्हती. बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची आणि साडीचोळी घेऊन डोळे पुसत जायचं, ही तिथली रीत. जी सही करत नाही तिला माहेर राहत नाही.

"आक्का, नुसता कागद तो," अनिल म्हणाला. "तू हयसरच ऱ्हवनार हायस. तुला कोन घालवतंय?"

काशीने नाही म्हटलं नाही. भावाला नाही म्हणायची सवयच तिला नव्हती.

सहीच्या दिवशी सकाळी मृणालीने, अनिलच्या बायकोने, तिला माजघरात बोलावलं. पाट मांडला होता. नवी हिरवी साडी, खण, तांदूळ, नारळ.

"बसा वन्सं. ओटी भरतंय."

काशी उभीच राहिली. विधवेची ओटी भरत नाहीत. एकोणीस वर्षं गौरीच्या ओवशाला घरात सुवासिनींची सुपं सजली की ती गोठ्यात जाऊन बसत असे. पुतणीच्या, अक्षयाच्या, बारशालाही तिने पाळण्याला हात लावला नव्हता.

"माजी? अगो, चालता काय?"

"न चालायला काय झाला? आता कोन मानता ह्या?"

काशीने पदर पसरला. तांदूळ पडले, नारळ पडला, आणि ती लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडली. त्या क्षणी तिने बागच काय, जीवही लिहून दिला असता. आवळा देऊन कोहळा काढणारे पुष्कळ पाहिले. पण इतका स्वस्त आवळा आणि इतका गोड करून दिलेला क्वचितच पाहायला मिळेल.

राजापूरच्या निबंधक कार्यालयात गर्दी होती. बाकावर बसल्या बसल्या नितेशने फोन तिच्यापुढे धरला. "बघा मावशी, तुम्ही सांगितलेलं सगळं आलंय. सही झाली की चढवायचं."

काशी चौथी शिकलेली. बोट ठेवून वाचू लागली. आगाप आला होता, म्हातारी आली होती, भिरुडाची हकिगतही होती. प्रत्येक झाडाखाली एकच ओळ: मालक, लागवड व निगा, अनिल मांडवकर.

"ह्या असाच ऱ्हवनार?"

"कायमचं."

"आनि चूक असली तर?"

नितेश अडखळला. पोरगा प्रामाणिक होता. "चढलं की पुसता येत नाही, मावशी. फार तर खाली नवी नोंद जोडता येते. पण ती मालकानेच जोडायची."

काशीने मान वर करून शेजारी बसलेल्या भावजयीकडे पाहिलं. "मृणाली, येत्या गौरीला भरशील माजी ओटी? सगळ्या बायकांच्यात बसवून?"

मृणालीने नजर वळवली. "असा काय विचारता, वन्सं... गौरीचा येगळा. लोक काय म्हनतील?"

एवढ्यात नाव पुकारलं गेलं. अधिकारीबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "हक्क खुशीनं सोडताय ना?" दिवसातून दहादा विचारायचा आणि उत्तराची वाट न पाहता अंगठ्याचं यंत्र पुढे सरकवायचं, असा तो प्रश्न.

"नाय," काशी म्हणाली.

बाईंचा हात थांबला.

"खुशीनं नाय. झाडा मी लावलंय. पुसता येत नाय म्हनता, तर लिवताना खरा लिवा. दोघांची नावा घाला, कंपनीच्या कागदावर मी आता अंगठो देतंय."

"आक्का, चार मानसांत माजी अब्रू काढतंस?" अनिल ओरडला. "बहिनीचा नाव लावून वाडीत तोंड कसा दाखवू? माहेर तुटला तुजा आजपासना!"

"मी पन माजो हक्क सोडलाय माज्या भावाला!" मृणाली रडवेली झाली होती. "मला काय कमी पडला?"

"मग गेल्या दिवाळीत त्यानं बोलावल्यान नाय, तवा चुलीफुडं रडत कशाला होतीस?" काशीने विचारलं. बिचारी आपलीच जखम दुसरीला करायला निघाली होती.

अर्धा वाटा बहिणीच्या नावावर दिसण्यापेक्षा सगळाच व्यवहार बुडालेला अनिलला परवडला. नितेश परत गेला. काशीची भांडी पडवीत आली, तिची चूल वेगळी झाली. वाडीतल्या बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. त्यांत सह्या देऊन मोकळ्या झालेल्या सगळ्याजणी होत्या. ती मात्र रोज बागेत जाते आणि फवारणीच्या वेळी अनिल तिच्याशी न बोलता तिच्यामागून पंप घेऊन फिरतो.

रत्नागिरीला कॉलेजात असलेली अक्षया सुटीत घरी आली. आत्याला पडवीत तीन दगडांवर भात शिजवताना पाहून ती तशीच बापापुढे जाऊन उभी राहिली.

"बाबा, मला राजापूरला सहीला कधी नेणार? लग्नाआधी, की नंतर?"

"तुजी गोष्ट येगळी," अनिल म्हणाला, आणि तिच्या धाकट्या भावाला हाक मारून बाहेर निघून गेला.

उद्या सातबारा ब्लॉकचेनच्या साखळीवर चढेल, घरं चढतील, दागिने चढतील. यंत्र खोटं बोलत नाही. आपण जे सांगू ते जन्मभर सांभाळतं, अन्यायसुद्धा. तेव्हा वाचकहो, तुमच्या घराच्या सातबाऱ्यावरून आत्याचं नाव कसं गेलं, ते एकदा विचारून घ्या. ती हयात असेल, तर तिलाच विचारा.