हापशाशेजारची निळी टाकी

मित्रांनो, मला बघून नाक मुरडू नका. हापशाशेजारी लोखंडी खांबावर जी उन्हानं विटलेली निळी टाकी दिसते ना, ती मीच. आता माझ्या पोटाला तडा गेलाय, झाकणाचा कान तुटलाय. पण एके काळी मला बघायला विमानातून माणसं येत होती. तुमच्या फळीवरच्या किती डब्यांना बघायला कोणी विमानातून आलंय, सांगा बरं!

माझा जन्म एका शेडमध्ये झाला. मला घडवणारी ताई विशीतली, केसांत पेन्सिल खोचून हिंडायची आणि दुसरी पेन्सिल शोधत बसायची. माझ्याआधी तिनं अकरा टाक्या केल्या आणि अकराही वाया गेल्या. एक गळायची, एकीची चावी अडकायची, एक तर उन्हात फुगून बसली. मी बारावी. माझ्या पोटात औषध भरायचं, पाण्यातले रोगाचे जंतू मारणारं. चावी एकदा फिरवली की 'टक्' असा आवाज होतो आणि वीस लिटरच्या कॅनला लागतं तेवढंच औषध खाली पडतं. थेंब जास्त नाही, थेंब कमी नाही. एवढी साधी करामत. पण साधं करायलाच अक्कल लागते. अवघड काय, कोणीही करून ठेवतं.

ताईकडे अक्कल होती, पैसा नव्हता. पैसा होता दूरदेशीच्या एका साहेबांच्या संस्थेकडे. ही माणसं दान करून पुण्य मोजत बसणारी नव्हती. व्यापारी जसा धंद्यात पैसा लावतो, तसा ते गरिबी हटवण्यात पैसा लावत. आधी थोडा द्यायचा आणि काम खरंच होतं का ते तपासायचं. झालं तर दहापट द्यायचा. नाही झालं तर नमस्कार, दुसरं दार बघा. आणि प्रत्येक वेळी साहेबांचा एकच प्रश्न असायचा, "हे लाखो लोकांपर्यंत स्वस्तात पोचेल का?"

मला ते तेव्हाही पटलं होतं आणि एवढं सगळं होऊन आजही पटतं. शितावरून भाताची परीक्षा करावीच. न तपासता पातेलं उतरवणारी सून कोणाला हवी?

मग परीक्षा सुरू झाली. चाळीस हापशांवर माझ्यासारख्या टाक्या बसवल्या आणि दुसरे चाळीस हापसे तसेच ठेवले. दोन वर्षं दोन्हीकडच्या मुलांचे आजार लिहायचे, असं ठरलं. चाळिसांतली पहिली टाकी मी.

माझी वस्ती म्हणजे पत्र्याच्या दोनेकशे खोल्या, मधून एक बोळ आणि बोळाच्या तोंडाशी हापसा. पाणी दिसायला आरशासारखं. पण दर उन्हाळ्यात घरटी एक मूल जुलाबानं आडवं व्हायचं आणि त्यातली काही उठायची नाहीत. दिसण्यावर जाऊ नये म्हणतात, ते उगाच नाही.

वस्तीतल्या बायकांनी माझी राखण करायला एक मावशी निवडली. कोणाची सख्खी मावशी होती कोण जाणे, पण सगळे तिला मावशीच म्हणत. महिन्याला थोडं मानधन ठरलं. कागदावर तिचं काम दोन ओळींचं होतं, टाकी भरणे आणि पुसणे. पण मावशी काय कागदात मावणारी बाई होती? तिच्या सुनेची पहिली दोन लेकरं जुलाबानं गेली होती. तिसरी नात जगली. सारखी गोल गोल फिरायची म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. ही भिंगरी हातची जाऊ द्यायची नाही, एवढंच मावशीच्या मनात होतं. त्यासाठी ती अख्ख्या वस्तीशी भांडायला तयार होती. आणि भांडली.

रोज सकाळी माझं झाकण उघडायची, काडी बुडवून औषध किती उरलंय बघायची, वास घ्यायची. संपत आलं की चार किलोमीटर चालत गोदामात जायची आणि खांद्यावरून डबा आणायची. वस्तीत नवी सून आली की तिला हाताला धरून माझ्यापाशी उभी करायची. औषधाचा वास येतो म्हणून कोणी कुरकुरलं, की म्हणायची, "अर्धा तास थांब, जातो वास. जंतूंना मरायला तेवढा वेळ तर देशील?" आणि कोणी चावी न फिरवता कॅन उचलला, तर संपलंच.

"ए शिंपीणबाई! चावी फिरवायला काय मुहूर्त लागतो का?"

"विसरले हो मावशी."

"नवऱ्याला डबा द्यायला नाही विसरत ती?"

"विसरले तर तो ओरडतो ना!"

"मग मी इथं काय गाणं म्हणतेय?"

सगळ्या बायका हसायच्या. शिंपीणबाई तोंड वाकडं करून मागे फिरायची आणि चावी फिरवायची. टक्.

भिंगरी आजीच्या कडेवर बसून यायची. त्यांच्या कॅनची चावी तीच फिरवणार, हा तिचा हक्क. दुसऱ्या कोणी हात लावला की भोकाड पसरायची.

दोन वर्षांनी परीक्षेचा निकाल आला. आमच्या चाळीस हापशांवरची मुलं कितीतरी कमी आजारी पडली होती. मग विमानं आली. साहेब आले, त्यांच्याबरोबर आणखी चार जण. माझे फोटो निघाले. साहेब माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू. चिखलात बूट बुडाले तरी त्याचं लक्ष नव्हतं. भिंगरीनं चावी फिरवून दाखवली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. त्याला आता दहा हजार हापशांवर टाक्या बसवायच्या होत्या.

त्यानं मावशीला विचारलं, "मावशी, या टाकीसाठी तुम्हाला रोज किती काम पडतं?"

मावशीनं मान ताठ केली. "काम? छे हो! मी कुठं काय करते? टाकीच करते सगळं. येता-जाता एक नजर टाकते, झालं."

मित्रांनो, तुम्हाला यातलं कळतं ना? तुमच्या घरात वीस पाहुण्यांचं जेवण रांधून उठलेली आजी काय म्हणते? "विशेष काही नाही केलं बाई." त्यावर ऐकणाऱ्यानं म्हणायचं असतं, "असं कसं? तुमच्यावाचून पान हलत नाही." मग ती म्हणते, "चल, काहीतरीच!" आणि मनातून सुखावते. आपल्या कष्टांचा पाढा आपणच वाचायचा नाही, तो दुसऱ्यानं वाचायचा. मावशी त्या उत्तराची वाट बघत उभी होती. साहेबाला ही रीत ठाऊकच नव्हती. तो मान खाली घालून तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेत होता.

ताईला रीत ठाऊक होती. पण तिला त्या दिवशी आनंदानं काही सुचत नव्हतं. आणि मी? 'टाकीच करते सगळं' ऐकून मी अशी फुगले की विचारू नका. मला ते खरं वाटलं.

सहा महिन्यांनी ताई एकटी आली. खाली बघतच बोलली. दहा हजार हापशांना पुरवायचं तर प्रत्येक टाकीचा खर्च खाली आणायला हवा होता. जे नसलं तरी चालेल, ते काढायचं ठरलं होतं. साहेबांच्या वहीत मावशीचंच वाक्य होतं. मावशीची जागा रद्द झाली. आता चित्रांची पाटी लागणार होती, आणि दर महिन्याला गाडी येऊन औषध भरणार होती.

मावशी म्हणाली, "बरं झालं गं. माझा जीव सुटला." आणि पाठ फिरवून चालू लागली.

त्या दिवसापासून ती हापशाकडे फिरकली नाही. पाण्याला सुनेला पाठवायची. शिंपीणबाईनं एकदा बोळातून हाक मारली, "मावशी, या की! ओरडायला कोणी नाही, करमत नाही." मावशी दारातूनच म्हणाली, "टाकीला सांग ओरडायला. तीच करते ना सगळं?" पण घरात तिनं सुनेला बजावून ठेवलं होतं, की चावी फिरवल्याशिवाय थेंब घरात आणायचा नाही. सून गुणी. कधी चुकली नाही.

गाडी पहिल्या महिन्यात आली, दुसऱ्या महिन्यात आली. तिसऱ्या महिन्यात नाही आली. एका गाडीकडे दोनशे हापसे, कुठं कुठं पोचणार बिचारी! माझ्या पोटातलं औषध कमी कमी होत गेलं आणि एक दिवस संपलं.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं. पोट रिकामं असलं तरी माझ्या चावीचा आवाज तसाच येतो. टक्. जन्माची खोड. बायका येत, चावी फिरवत, टक् ऐकत आणि समाधानानं कॅन उचलून जात. झाकण कोणी उघडलं नाही. का उघडेल? ते कोणाचंच काम नव्हतं. शिंपीणबाई तर एकदा पाणी हुंगून म्हणाली, "आताशा वास येत नाही. औषध सुधारलेलं दिसतंय." सगळ्यांनी मान डोलावली.

मी ओरडले असते, पण टाकीला तोंड कुठं असतं?

भिंगरी आता आईच्या कडेवरून यायची. चावी फिरवायची आणि माझ्याकडे बघून हसायची. मग ऊन वाढलं. एका सकाळी सून एकटीच आली. तिनं आधी मळलेली चादर हापशाखाली धुतली. मग आजारी लेकरासाठी कॅन भरला आणि माझी चावी फिरवली. जरा थांबली. काय वाटलं कोण जाणे, पुन्हा एकदा फिरवली. लेकराला थोडं जास्त औषध जावं म्हणून. टक्. टक्.

तीन दिवस ती अशीच येत राहिली. चौथ्या दिवशी बोळात पुष्कळ पावलं वाजली, पण कोणाच्या हातात कॅन नव्हता.

पंधरवड्यानं मावशी आली. भर दुपारी, हापशावर कोणी नसताना. माझं झाकण उघडलं, काडी घातली. काडी कोरडी वर आली, टोकाला धूळ लागलेली. तिनं झाकण लावलं आणि माझ्या खांबाला पाठ टेकून बसली.

"मेले, तू तरी बोलायचंस," ती म्हणाली. मग काडी पदरानं पुसत म्हणाली, "मी तरी कुठं आले?"

दुसऱ्या दिवशी ती चालत गोदामात गेली आणि डबा घेऊन आली. मानधन नाही, कोणी सांगितलेलं नाही.

भिंगरीची बातमी ताईपर्यंत पोचली. ती धावत आली आणि वही उघडून मावशीसमोर जमिनीवरच बसली. या वेळी मावशीनं सगळं सांगितलं. झाकण, काडी, गोदाम, नव्या सुना, कुरकुर, भांडणं. आवाज चढवला नाही, कोणाला नावं ठेवली नाहीत. दुसऱ्या कोणाच्या घरचं सांगावं तसं सांगत राहिली. ताईची पानं भरत गेली.

मग साहेब आले. या वेळी फोटो काढणारं कोणी बरोबर नव्हतं.

"मी तुम्हाला विचारलं होतं, मावशी," ते म्हणाले.

"विचारलं होतंत," मावशी म्हणाली. "मीच खोटं बोलले. पण साहेब, एक दिवस इथं या दगडावर बसला असतात, तर विचारायची गरजच पडली नसती."

साहेब त्या दगडावर बसले. संध्याकाळपर्यंत बसले.

आता प्रत्येक टाकीमागे एक मावशी असते. त्यामुळे खर्च वाढला. दहा हजारांच्या जागी चार हजारच हापशांवर टाक्या बसल्या. उरलेल्या सहा हजारांवरही लेकरं आहेत, आणि त्यांचं काय, याचं उत्तर साहेबांकडे नाही, ताईकडे नाही आणि माझ्यासारख्या डबड्याकडे तर नाहीच. मी फक्त सांगते.

मावशी रोज येते. ओरडत मात्र नाही. कोणी विसरलं, तर स्वतः उठते आणि त्या बाईच्या कॅनसाठी चावी फिरवते. मग ती बाई पुन्हा कधी विसरत नाही. शिंपीणबाई मुद्दाम विसरल्यासारखं करते, मावशीनं एकदा तरी शिवी हासडावी म्हणून. मावशी नुसती उठते.

सून आजही चावी दोनदा फिरवते. त्यांच्या घरच्या पाण्याला उग्र वास येतो. मावशी तिला काही म्हणत नाही. घरातली सगळी माणसं ते पाणी मुकाट्यानं पितात.

मित्रांनो, येत्या सोमवारी मला खाली उतरवणार आहेत. माझ्या जागी नवी टाकी येईल, माझ्याहून देखणी. तिचा मला हेवा नाही. तुम्हाला हात जोडून एवढंच मागते. चांगल्या कामाची वस्तू दाराशी आली, की तिच्या आवाजावर आणि रंगावर विसंबू नका. झाकण उघडून बघा, आत काही आहे का. असलं, तर ते कोणी भरलं ते शोधून काढा. त्या माणसाजवळ जाऊन बसा थोडा वेळ. लेकरं त्याच्या जिवावर पाणी पीत असतात.