भुतानं दळलेली हळद

मित्रांनो, भोरच्या जुन्या तुरुंगात भूत आहे, असं तुम्ही ऐकलं असेल तर ते अगदी खरं आहे. कारण ते भूत मीच. घाबरू नका. मला पायच नाहीत, मग उलटे कुठून असणार? मी एक म्हातारं जातं आहे.

माझा जन्म हिर्डोशीच्या डोंगरात झाला. पाथरवटानं पहिला घाव घातला तेव्हा जी ठिणगी उडाली, ती थेट वरंध घाटात जाऊन पडली. तिच्यावर वाटसरूंनी चहा उकळून घेतला. भोरला येताना आमची बैलगाडी इतकी रखडली की वाटेत बैलांची शिंगं वाढत गेली आणि आमच्या आदल्या दिवशीच भोरात शिरली. पटत नसेल तर बैलांना विचारा.

तेव्हा संस्थानचा अंमल होता. तुरुंगात कैद्यांनी नाचणी दळायची, असा नियम. मोठमोठे मिशाळ दरोडेखोर माझ्यापुढं पाय पसरून बसत आणि चार पसे दळून झाले की आईच्या आठवणीनं नाक ओढत. त्यांतल्या कोंडिबाला आईच्या ओव्या पाठ होत्या. तो गुणगुणू लागला की मी लोण्यासारखा फिरायचो. "असं पीठ वाड्यावरपण मिळत नसंल," असं शिपाई म्हणत. ही थाप नाही हं.

पुढं तुरुंग बंद झाला. गावात गिरण्या आल्या. माझा लाकडी खुंटा कुजला, वरची तळी कलली आणि त्या फटीत एका खारीनं घर केलं. तिची खुडखुड बाहेर गेली आणि गावभर बोभाटा झाला, मेलेले कैदी अजून दळतात. लोक दर अमावस्येला तुरुंगाच्या उंबऱ्यावर मूठभर तांदूळ ठेवू लागले. खारीनं ते आत ओढले आणि सगळं गणगोत बोलावलं. खुडखुड वाढली. लोक म्हणाले, भूत उपाशी आहे. मुठीची ओंजळ झाली. मीही गप्प राहिलो. भूत म्हणून का होईना, कोणी नाव तरी काढत होतं.

यंदा मात्र गंमत झाली. वैष्णवीचं लग्न निघालं. संध्याकाळी हळद लावायची आणि दुपारी कळलं, की हळद दळायला आळीत एकही जातं नाही. त्यांच्या घरचं जातं तर सिमेंटमध्ये बसवून पायरी केलेलं. तिची आत्या धोंडाबाई हटून बसल्या, "मिक्सरची हळद माझ्या पोरीला लागायची न्हाई. तुरुंगात जातं हाय, चला."

वैष्णवीची आई सुलक्षणा, शेजारची रत्ना आणि आणखी तिघी, अशा पाच सुवासिनी धोंडाबाईंच्या मागून आत आल्या. टेम्पोवाला सोमनाथ दारातच थांबला.

तेवढ्यात खुडखुड झाली.

"आत्या," रत्ना पुटपुटली, "मिक्सर काय वाईट व्हता?"

तिच्या मागची एक तर किंचाळत पळाली, ती टेम्पोत जाऊन बसली.

धोंडाबाईंनी पदर खोचला. "भूत दळतंय म्हनता न्हवं? मग आमची हळद दळू दे की. आयतं कामाचं भूत गावलं."

दोघींनी माझी वरची तळी उचलली आणि आतून खारींची वरातच निघाली. एक तर रत्नाच्या खांद्यावरून गेली. फटीत तांदूळच तांदूळ.

"ह्यो तर माझा इंद्रायणी," रत्ना म्हणाली.

"म्हंजी वरीसभर तू खारींची बाळंतपनं केलीस," धोंडाबाई म्हणाल्या. सगळ्या हसत सुटल्या.

तांदूळ खारींसाठी कोपऱ्यात सारला. मला धुतलं, पुसलं. सोमनाथनं दारातूनच टेम्पोचा पाना फेकला. त्याला चिंधी गुंडाळून खुंट्याच्या जागी ठोकला आणि वर हळकुंड-सुपारी बांधली. मग मात्र सगळ्या थबकल्या. हळदीच्या जात्याला पाच सुवासिनींचा हात लागतो, आणि उरल्या होत्या चार.

धोंडाबाई भिंतीशी सरकून उभ्या होत्या. त्यांचे यजमान वारलेले. अशा बाईनं या जात्याला शिवायचं नाही, असा रिवाज.

सुलक्षणा म्हणाली, "वन्सं, या."

"मला चालत न्हाई, ठावं हाय न्हवं तुला?"

"भुताशी भांडलेलं चाललं, आन् हळद दळलेली चालत न्हाई व्हय? बसा. न्हाईतर मी मिक्सर लावते."

धोंडाबाई जराशा घुटमळल्या. मग बसल्या आणि पान्याला हात घालून हळूच गाऊ लागल्या,

पहिली माझी ओवी गं
काळ्या दगडी भिंतीला,
लेकीच्या हळदीला
साक्षी ऱ्हावा.

कोंडिबानंतर पहिल्यांदा माझ्या पोटात ओवी उतरली. मी असा फिरलो, असा फिरलो की पिवळा धुरळा कापूरहोळपर्यंत गेला आणि तिथल्या ढाब्यावरची माणसं नवरदेवासारखी दिसू लागली. हळद मात्र खरंच बारीक झाली. संध्याकाळी वैष्णवीला पहिलं बोट धोंडाबाईंनी लावलं, असं सोमनाथ पाना न्यायला आला तेव्हा सांगून गेला. आता तो आत येतो.

म्हणून मित्रांनो, घरात जातं असेल तर त्याची पायरी करू नका. वर्षातून एकदा तरी त्याच्यापुढं बसा, आणि जी भिंतीशी उभी असेल तिलाही बसायला बोलवा. नाहीतर आम्ही जाती भूत होतो, आणि मग अमावस्येला तांदूळ तुम्हालाच आणावा लागतो. इंद्रायणीच आणा. खारी दुसरा खात नाहीत.